‘अपेक्षित लाभ’ या रकान्याबद्दल

प्रति,
संशोधन प्रस्तावांना निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय: प्रस्तावाच्या नमुन्यातील ‘रुग्णांना होणारा अपेक्षित लाभ व कालावधी’ हा रकाना

सन्माननीय सदस्यहो,

तीन दिवसांपुरती का होईना, मीही तुमच्यातली एक होते. अशाच एका समितीत रुग्णांची प्रतिनिधी म्हणून मला बोलावलं होतं. मी शास्त्रज्ञ नाही, डॉक्टरही नाही. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे रकाने, गुण आणि शेरे या गोष्टी माझ्या हाताला सवयीच्या. समितीत माझ्या वाट्याला जे रकाने आले, त्यात वर विषयात लिहिलेला रकाना होता. शंभरापैकी वीस गुण.

एका प्रस्तावात त्या रकान्यात तीनच शब्द होते: ‘सांगता येत नाही.’ प्रस्तावाचा विषय मी इथे सांगणार नाही, कारण ते गोपनीय ठेवायचं लिहून दिलं आहे. एवढंच सांगते की त्यात कुठल्या आजाराचं नाव नव्हतं. मी वीसपैकी दोन गुण दिले. ते दोनही प्रामाणिकपणाबद्दल. माझ्या मते काम चोख झालं होतं. प्रस्ताव थोडक्यात हुकला.

घरी आल्यावर रात्री नेहमीप्रमाणे जेवताना गोळी घेतली. 400 मिलिग्रॅम, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर. ही गोळी मी 2009 पासून रोज घेते. तिचं नाव इमॅटिनिब. तेव्हा डोक्यात एक किडा वळवळला तो गेलाच नाही: ही गोळी ज्या कामांतून आली, त्यांतल्या प्रत्येकाला मी या रकान्यात किती गुण दिले असते? पुढचे चार महिने मी तेच शोधत बसले. जुन्या व्हाउचरपर्यंत मागे जाण्याची खोड आहे, ती इथेही कामी आली.

माझा आजार आधी सांगते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग. वर्षाला लाखामागे एक-दोन जणांना होतो. मला काहीच होत नव्हतं, फक्त थकवा होता आणि डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार. अकरा हजारांच्या आत असायला हव्यात. डॉक्टर शांत होते. म्हणाले, “ताई, पंधरा वर्षं आधी आला असतात तर मी हे इतक्या शांतपणे सांगू शकलो नसतो.” तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, ती घेतली की फणफणून ताप यायचा. नाहीतर दुसऱ्या कुणाचा बोन मॅरो जुळला तर प्रत्यारोपण, त्यातही जिवाला धोका. बहुतेकांच्या हातात चार-सहा वर्षं असत.

आता मागे जाऊ.

1960. फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल नावाचे एक डॉक्टर ल्युकेमियाच्या पेशी काचेवर वाढवत होते. काच धुताना त्यांनी साधं नळाचं पाणी वापरलं. पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. एरवी ती गुंतवळीसारखी एकावर एक पडलेली असतात. नॉवेल यांना गुणसूत्रांतलं काही कळत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यांनी डेव्हिड हंगरफर्ड नावाचा एक विद्यार्थी शोधला, ज्याला ते कळत होतं. माझ्या आजाराच्या रुग्णांत हंगरफर्डला एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. पुढे त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडलं. काही ओळींची टिपण छापून आली.

मग? मग काही नाही. बारा-तेरा वर्षं कुणालाच कळलं नाही की हे आखूड गुणसूत्र आजाराचं कारण आहे की परिणाम. तुमच्या नमुन्यात ‘कालावधी’ तीन वर्षांचा असतो. म्हणजे असा अर्ज चार वेळा येऊन चारही वेळा हात हलवत परत गेला असता.

1972 मध्ये शिकागोत जॅनेट रॉली या डॉक्टर गुणसूत्रांची छायाचित्रं घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर कापत बसायच्या. त्या अर्धवेळ काम करत, घरी चार मुलगे. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं हसत. तोवर गुणसूत्रांवर आडवे पट्टे उठवणारी रंगवण्याची नवी रीत आली होती, त्यामुळे कुठलं गुणसूत्र कोणतं हे नीट ओळखता येऊ लागलं होतं. सगळे समजत होते की 22 व्या गुणसूत्राचा तुकडा हरवला आहे. रॉलीबाईंना तो सापडला, 9 व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला. 9 आणि 22 यांनी आपले तुकडे अदलाबदल केले होते. ही गोष्ट मला फारच जवळची वाटली. ताळेबंदात रक्कम कमी पडते तेव्हा सगळे म्हणतात गेली, आणि एखादा चिवट कारकून ती दुसऱ्याच खात्यात जमा झालेली दाखवतो. 1973 मध्ये हे छापलं गेलं. औषधाचा अजून पत्ता नाही.

आता जरा वेगळीच वाट, आणि ती एका कोंबडीपासून सुरू होते. न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांच्याकडे गाठ आलेली एक कोंबडी आणली गेली. त्यांनी ती गाठ वाटून बारीक गाळणीतून गाळली, पेशी एकही शिल्लक राहिली नाही, आणि ते गाळलेलं पाणी दुसऱ्या कोंबडीला टोचलं तर तिलाही गाठ. म्हणजे विषाणू. 1911 ची ही गोष्ट. कोंबडीचा कर्करोग म्हणजे माणसाचा थोडाच, असं म्हणून लोकांनी ती बाजूला ठेवली. राउस यांना नोबेल मिळालं 1966 मध्ये, 55 वर्षांनी. माझ्या रकान्यात राउस यांना मी शून्य दिलं असतं. कोंबड्या वाचवायच्या आहेत का, असा शेराही मारला असता.

पण त्या विषाणूमुळे, आणि उंदरांत ल्युकेमिया करणाऱ्या एबलसन नावाच्या दुसऱ्या विषाणूमुळे, लोक एक प्रश्न विचारत राहिले: विषाणूतलं एवढंसं जनुक चांगल्या पेशीला बिघडवतं तरी कसं? इथे मला सगळ्यात आवडलेला माणूस भेटतो. टोनी हंटर, कॅलिफोर्नियातली सॉल्क संस्था, 1979. प्रथिनावर फॉस्फेटचा कण चिकटवणारी एन्झाइम असतात हे माहीत होतं. तो कण प्रथिनाच्या साखळीतल्या सेरिन किंवा थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवरच चिकटतो, असंही ठरून गेलं होतं. हंटर कण चिकटलेली अमिनो आम्लं विजेच्या प्रवाहात वेगळी करत होते. त्यासाठी लागणारा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ताजा करायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून जुनाच वापरला. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी वाढली होती. सामू 1.9 हवा, तो 1.7 वर आला होता. तेवढ्यानं एक ठिपका दोन ठिपक्यांत फुटला. ताज्या बफरमध्ये दोन्ही एकावर एक बसत, म्हणून तोवर कुणाला दिसलंच नव्हतं. दुसरा ठिपका टायरोसिन या तिसऱ्याच अमिनो आम्लाचा होता. पुढच्याच वर्षी एबलसन विषाणूचं प्रथिनही टायरोसिनवरच फॉस्फेट चिकटवतं हे दिसलं.

कंटाळा हा माझ्या औषधाचा एक घटक आहे, हे वाचून मी एकटीच बराच वेळ हसले. पण नुसत्या कंटाळ्यानं काही होत नाही. ‘बिघडलाय बफर, फेका’ असं न म्हणता तो दुसरा ठिपका कशाचा, हे विचारायला वेळ आणि मोकळीक लागते. ती कुणीतरी आधीच देऊन ठेवलेली होती.

1980 च्या दशकात या दोन वाटा एकमेकींना येऊन मिळाल्या. उंदरांच्या विषाणूत सापडलेलं एबीएल जनुक माणसात 9 व्या गुणसूत्रावर असतं आणि माझ्या आजारात नेमकं तेच 22 व्या गुणसूत्रावर जाऊन बीसीआर नावाच्या जनुकाला चिकटतं. जोडलेल्या जनुकातून जोडप्रथिन बनतं. एबीएलचं एन्झाइम एरवी गरजेपुरतं चालू-बंद होतं. जोडलेलं बंदच होत नाही. ते अखंड फॉस्फेट चिकटवत राहतं आणि पेशीला एकच निरोप मिळत राहतो: वाढ, वाढ. 1990 मध्ये हे एकच जनुक उंदरांच्या मॅरोत घातल्यावर त्यांना माझ्यासारखाच आजार झाला. कारण की परिणाम, या 1960 च्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांनी मिळालं.

इथून पुढचं काम मात्र तुमच्या रकान्यात व्यवस्थित बसतं आणि ते मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंना फक्त कंटाळा आणि योगायोग आवडतात. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे सिबा-गायगी कंपनीत निक लायडन आणि युर्ग झिमरमन यांच्या गटानं या जातीच्या एन्झाइमना अडवणारी संयुगं बनवायला घेतली. सुरुवातीचं संयुग भलत्याच एन्झाइमसाठी होतं आणि अनेकांना अडवत होतं. एका जागी एक छोटा मिथाइल गट लावला तर ते जुनं एन्झाइम सुटलं आणि हवं ते पक्कं धरलं गेलं. मग ते पाण्यात विरघळेना. आणखी एक शेपूट जोडलं, विरघळलं. हे वाचायला दोन ओळी लागतात, करायला वर्षं लागली, आणि शेकडो संयुगं बनवून टाकून द्यावी लागली. मला रसायनशास्त्र शाळेपुरतंच येतं, पण कुलपाची किल्ली कानशीनं घासत बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

ब्रायन ड्रुकर हे डॉक्टर, तेव्हा ऑरेगनमध्ये, यांनी ती संयुगं माझ्या आजाराच्या पेशींवर टाकून पाहिली. आजारी पेशी मेल्या, चांगल्या जगल्या. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुत्र्यांवरच्या चाचणीत शिरेतून दिलं तर नळीच्या टोकाशी गुठळ्या झाल्या, तोंडावाटे जास्त डोस दिला तर यकृतावर परिणाम दिसला. कंपनीत बरेच जण मागे सरले. त्यात हा आजार दुर्मीळ, विकणार किती? ड्रुकर पिच्छा पुरवत राहिले आणि जून 1998 मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी मिळाली.

पहिल्या टप्प्याची चाचणी खरं तर औषध गुणकारी आहे का हे पाहायला नसतेच. माणसाला किती डोस सोसतो, एवढंच पाहायचं असतं. म्हणून 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. त्यात घेतलेले रुग्ण इंटरफेरॉन निकामी ठरलेले. 300 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या 54 जणांपैकी 53 जणांचं रक्त पूर्ववत झालं, बहुतेकांचं चार आठवड्यांत. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल म्हणून मूळ निबंध काढून पडताळला. चूक नव्हती. बातमी पसरली, पण औषध पुरेना. तेव्हा 1999 मध्ये एका रुग्ण स्त्रीनं इंटरनेटवर अर्ज फिरवला, हजारो सह्या गोळा केल्या आणि कंपनीला पाठवल्या. उत्पादन वाढलं. मे 2001 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

त्या पहिल्या रुग्णांचा विचार मी पुष्कळ करते. 25 मिलिग्रॅम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना त्या डोसानं काही गुण येणार नव्हता. तरी ते बसले, रक्त देत राहिले. त्यांच्या रकान्यात ‘अपेक्षित लाभ’ काय लिहाल?

आणखी एक. दर तीन महिन्यांनी माझं रक्त पीसीआर तपासणीला जातं. लाख पेशींत एक आजारी पेशी उरली असेल तरी ती हुडकून काढते. या तपासणीत एक एन्झाइम जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतं, पण त्यासाठी नमुना पुन्हापुन्हा 95 अंशांच्या आसपास तापवावा लागतो आणि त्या उष्णतेत साधी एन्झाइम नासून जातात. टिकतं ते थर्मस अक्वॅटिकस नावाच्या जिवाणूचं. तो टॉमस ब्रॉक यांना 1960 च्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला. इतक्या गरम पाण्यात कुणी जगतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना सुचली 1983 मध्ये. झऱ्यावर वाकून काचपट्ट्या बुडवणाऱ्या ब्रॉक यांना मी विचारलं असतं, यातून ल्युकेमियाच्या रुग्णांना काय मिळेल? बिचाऱ्यांनी खरं उत्तर दिलं असतं. दोन गुण.

आता माझं म्हणणं. मी हिशेबाच्या विरोधात नाही, असूच शकत नाही. पैसा लोकांचा आहे, तो कुठे गेला हे विचारलंच पाहिजे. पण आपण हिशेब चुकीच्या खतावणीत मांडतो आहोत. खर्च कोंबडीच्या नावे पडतो आणि जमा होते ती नव्वद वर्षांनी, तिसऱ्याच देशात, रक्ताच्या खात्यात. प्रकल्पागणिक ताळा जुळवायला गेलं तर प्रत्येक पान तोट्याचं दिसणार. आणि ‘लाभ’ हा रकाना सक्तीचा ठेवला की लोक तो भरतात. मी तीन दिवसांत पाहिलेल्या प्रस्तावांत कितीतरी जणांनी पेशीच्या एका बारीक कोपऱ्यावरच्या कामापुढे तीन असाध्य आजारांची नावं लिहिली होती. त्यांना मी पंधरा-सोळा गुण दिले. खोटं लिहिणाऱ्याला बक्षीस आणि खरं लिहिणाऱ्याला दोन. माझ्या नोकरीत याला काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

उलट बाजूही मला दिसते. बहुतेक कुतूहल कुठेच पोहोचत नाही. राउस एक, पण त्यांच्यासारख्या किती जणांनी काय काय गाळलं आणि काही निघालं नाही, याची नोंद कुठे आहे? शिवाय ठरवून, उद्दिष्ट समोर ठेवून केलेलं कामही फळतं. अकिरा एंडो यांनी कोलेस्टेरॉल अडवणारं काहीतरी मिळेलच या हिशेबानं सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन मिळवलं. त्यांचा रकाना भरलेला होता. मात्र शरीरात कोलेस्टेरॉल कोणत्या पायरीवर अडवायचं, हे त्यांच्याआधी ज्यांनी शोधलं, त्यांचा बहुधा कोराच असता.

तर मागणं इतकंच की एकाच कातरीनं दोन्ही कापडं कापू नका. औषध बनवण्याच्या प्रस्तावाला लाभ आणि कालावधी जरूर विचारा, घासून विचारा. जो प्रस्ताव ‘हे असं का होतं’ एवढंच विचारतो, त्याच्यासाठी हा रकाना काढून टाका आणि त्या जागी विचारा: प्रश्न खरा आहे का, त्याचं उत्तर खरंच अजून कुणाकडे नाही का, आणि विचारणाऱ्याचा हात नेटका आहे का. या तिन्हींना गुण देता येतात. मी देऊ शकणार नाही, पण तुमच्यातले जाणकार देऊ शकतील. आणि रुग्णांच्या प्रतिनिधीला समितीत बसवाल तेव्हा तिला हाच एक रकाना देऊन मोकळं होऊ नका. आम्हाला घाई असते. ती योग्यच आहे, पण तिच्या हाती सगळी पेन्सिल देऊ नये.

ज्या प्रस्तावाला मी दोन गुण दिले, त्याच्या कर्त्याला माझं नाव कळणार नाही, तसा नियमच आहे. त्याचा फेरविचार व्हावा असं पत्र मी त्या समितीला रीतसर वेगळं दिलं आहे.

शेवटी माझ्या तब्येतीबद्दल, कारण पत्र वाचून कुणीतरी विचारेलच. बरी आहे. गेली काही वर्षं तपासणीत आजारी पेशी सापडतच नाहीत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात अशा शंभर जणांची गोळी थांबवून पाहिली होती. वर्षभरानंतर साधारण 40 टक्के गोळीशिवाय ठीक होते. बाकीच्यांचा आजार परतला, तोही बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. पुन्हा गोळी सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. कुणाचा परततो आणि कुणाचा नाही, हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण अजून हाती आलेली नाही. माझे डॉक्टर म्हणतात, थांबवून पाहू. मी हो म्हटलं आहे. सुरुवातीला दर महिन्याला रक्त द्यावं लागेल. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक रुग्ण, निवृत्त लेखापरीक्षक